मुळ्याची मिशी

"अहो गोटीरामशेठ, मुळा आहे तो, भात नाही! मुळ्याचं रोप उपटून दुसरीकडे लावत नाहीत! शेंबड्या पोराला पण कळतं हे!"

पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून वामनराव अर्धे बाहेर लोंबकळत होते. एका हातात चहाचा कप, दुसऱ्या हातात बागकामाचं पुस्तक. पुस्तक हलवायच्या नादात कप हलत होता आणि चहा सरळ खाली, त्यांच्याच बायकोच्या वाळत घातलेल्या साडीवर पडत होता.

"तुमी पुस्तक वाचा!" खालून गोटीराम गरजला. पोटरीभर चिखलात, लुंगी गुडघ्याच्या वर खोचून, कमरेतून वाकून उभा. डाव्या हातात उपटलेल्या रोपांचा झुबका. "माजे बापानी याच जमनीन लावनी केली, आज्यानी केली. तवा तुमी कुठं होता? गिरगावान!"

"गिरगावात नाही, दादरला!"

"तिथं तरी मुला उगवतो काय?"

या दोघांच्या मध्ये पाण्याचा पाईप धरून रूपेश उभा होता. गोटीरामचा मुलगा. वय सतरा. नववीत दुसऱ्यांदा गचकल्यावर शाळेनं आणि त्यानं एकमेकांना सोडून दिलं होतं, आणि दोघांनाही काही फरक पडला नव्हता. डोकं गरम, डोळा बारीक. वामनरावांचा चहा साडीवर पडतोय हे सगळ्यात आधी त्यालाच दिसलं, पण कशाला सांगा? वरून खाली आणि खालून वर शब्द चालले होते आणि भिजत होता फक्त तो.

भांडणाचं मूळ म्हणजे बिल्डिंगच्या मागचा तुकडा. बोनकोडे गावातली गोटीरामची शेती नवी मुंबईचा सेक्टर व्हायला गेली, त्याला जमाना झाला. उरल्या जागेवर त्यानं तीन मजली 'पुतळा निवास' उभं केलं. पुतळा म्हणजे त्याची बायको, चौकातला पुतळा नाही. पण नवा पोस्टमन दर वेळी विचारायचाच, कोणाचा पुतळा. तर त्या बिल्डिंगच्या मागं, संडासच्या पाइपांच्या पलीकडे, दोन खाटा मावतील एवढी जमीन मोकळी राहिली होती. तिथं फुटक्या टाइल्स होत्या, एक कमोड होता आणि कोंबड्या होत्या.

वामनराव पहिल्या मजल्यावरचे भाडेकरू. रिटायर झाले आणि त्यांना वसंत ऋतू दिसायला लागला. वसंत पंचमीच्या आसपास ते मुळा, गाजर, बीट, मेथी, पालक आणि लाल माठ अशा बियांच्या पुड्या घेऊन आले आणि म्हणाले, "गोटीरामशेठ, ती जागा मला द्या, मी भाजी पेरतो."

झालं. गोटीरामच्या मिशीला ते झोंबलं. माझ्या जमिनीत दादरवाला पेरणार? "बी हिकरं द्या," तो म्हणाला. "शेतकरी मी हाय."

होताच तो. पण भाताचा. आयुष्यात त्यानं एकच पीक घेतलं होतं आणि ते घेण्याची एकच रीत त्याला ठाऊक होती. आधी राब भाजायचा, म्हणजे जमिनीवर पाला-शेण पसरून पेटवायचं. मग त्या राखेत बी फेकायचं. रोपं वीतभर झाली की उपटायची, चिखल करायचा आणि चार-चार रोपांची चूड करून लावायची. मुळ्याला हे चालतं का, गाजराला चालतं का, असला प्रश्न त्याला पडला नाही. ज्याला एकच रस्ता माहीत असतो तो चौकात थांबत नाही.

राब भाजला त्या दिवशी धूर थेट तिसऱ्या मजल्यापर्यंत गेला. सुमेधाकाकूंनी, म्हणजे वामनरावांच्या मिसेसनी, आधी टीव्ही जिन्यात आणून ठेवला आणि मग वामनरावांना झोपेतून उठवलं. कोणीतरी बंबाला फोन केला. बंब आला, बंबवाल्यांनी राखेवर पाणी मारलं आणि चहा पिऊन गेले. गोटीराम खूश. "बरा झाला. पयला पानी फुकट मिलला."

मग त्यानं सगळ्या पुड्या एका टोपलीत ओतल्या, वरून राख टाकली आणि हातानं कालवलं.

"अहो, वेगवेगळ्या आहेत त्या!" वामनराव किंचाळले होते.

"भातान आमी दाना-दाना येगला करतो काय?"

उगवलं. सगळं एकदम उगवलं, गर्दीत, एकमेकांच्या अंगावर. त्यातलं मुळा कोण, बीट कोण आणि पालक कोण, ते त्या रोपांच्या आईलाही ओळखता आलं नसतं. आणि आज लावणी चालली होती. उपटलेल्या मिश्र भाजीच्या चुडा करून गोटीराम चिखलात एका ओळीत रोवत होता, आणि वरून वामनराव मुळ्याच्या वतीनं ओरडत होते.

"ऐका!" गोटीरामनं कंबर सरळ केली. एव्हाना सगळ्या गॅलऱ्या भरल्या होत्या. "पाडव्याला तुमाला मुला देतंय. मनगटाएवरा. नाय दिला तर मिशी उतरवतंय!"

गॅलऱ्यांतल्या माना पुढं आल्या. कारण गोटीरामची मिशी ही साधीसुधी वस्तू नव्हती. गावात पत्ता सांगताना लोक ती सांगायचे. दोन्ही टोकं कानाकडे निघालेली, पोहोचायला थोडीच कमी.

"काय उतरवताय?" वामनरावांना डाव्या कानानं कमी ऐकू यायचं, आणि नेमका तोच कान खाली होता.

"मुल्याची पैज हाय! मिशी उतरवीन!"

आता बोनकोड्यात एक गोष्ट कधी उगवलीच नाही, ती म्हणजे ळ. तिथं डोळा म्हणजे डोला, गळा म्हणजे गला आणि मुळा म्हणजे मुला. वामनरावांनी कानामागं हात लावला.

"मुलाची? मुलाची मिशी लावताय पैजेला? रूपेशची?"

सगळ्या गॅलऱ्या हसल्या. दुसऱ्या मजल्यावरून कोणीतरी म्हणालं, "अरे, त्याला आहे का पण?" आणि परत हसल्या.

इथं गोटीरामला सांगता आलं असतं की बाबांनो, मी मुळा म्हणालो. पण हसणाऱ्या माणसांपुढं दुरुस्ती करायची म्हणजे हरल्यासारखं होतं.

"हा! त्याची पन!" तो ओरडला. "बापलेक दोगंबी उतरवू!"

"ओ बाबा!" रूपेशच्या हातातून पाईप सुटला. "माजा काय संबंध?"

"तू गप रं, माठ!"

"आणि मुळा आला तर," वामनरावांना पण आता चढली होती, "पानांसकट कच्चा खाईन! इथं! सगळ्यांसमोर!"

आतून सुमेधाकाकूंचा आवाज आला, "अहो, तुम्हाला मुळ्यानं गॅस होतो!"

पण पैज लागली होती.

रूपेश तडक घरात गेला आणि आरशासमोर उभा राहिला. दिवाळीपासून त्यानं ती मिशी जपली होती. रोज आंघोळीनंतर खोबरेल तेलाचं बोट. विरळ होती, मान्य, पण होती. डावीकडे जरा जास्त, उजवीकडे येत होती. पाडव्यानंतर लगेच चुलतभावाची हळद होती. हळदीला अख्खं गाव येणार आणि उन्नती येणार. उन्नती समोरच्या गल्लीतली. टायपिंगच्या क्लासला जायची. रोज जाताना रूपेशच्या तोंडाकडे, नेमकं ओठाच्या वर, एकदा बघायची आणि पुढं जायची. रोज! शाळेत ज्याच्याकडे फक्त खडू यायचे, त्याच्याकडे कोणीतरी रोज बघत होतं. आणि आता ती बघायची गोष्टच बापानं चिखलात लावली होती.

"आये," तो स्वयंपाकघरात येऊन म्हणाला, "मुला कसा लावतात?"

पुतळा तव्यावर भाकरी थापटत होती. "मना काय ठावं? माजे बापाचा मिठागर होता. मीठ पेर बोल, आथा पेरतंय."

"बाबाला येतो काय पन?"

"तुजे बापाला?" पुतळानं भाकरी उलटली. "तो घरान मुला आयला तर पानां खातो आनि मुला टाकतो. त्याला वाटतो मुल्याचा पानांच खातात."

रूपेशचं उरलंसुरलं अवसान गेलं.

दुसऱ्या दिवशी तो स्कूटर काढून वाशीला एपीएमसी मार्केटात गेला. एवढ्या भाज्यांत कोणालातरी माहीत असणारच. मुळ्याच्या ढिगावर बसलेल्या माणसाला त्यानं विचारलं, "मुल्याचा रोप उपटून परत लावला तर काय होतो?"

त्या माणसानं त्याच्याकडं नीट बघितलं. "उपटलेला मुळा परत कशाला लावायचा? विकायचा."

"तसं नाय. उगवतो कसा तो?"

"गाडीतून येतो," तो माणूस म्हणाला. "पहाटे. घ्यायचा असेल तर बोल, नायतर बाजूला हो, हमाल येतोय मागून."

रूपेश बाजूला झाला. अख्ख्या नवी मुंबईला भाजी पुरवणाऱ्या त्या मार्केटात भाजी कशी उगवते ते सांगणारा माणूस त्याला भेटला नाही. भाव मात्र सगळ्यांनी सांगितला.

इकडे बागेत वेगळाच गोंधळ. भाताला पाणी उभं लागतं, म्हणून गोटीराम रोज सकाळी पंप चालू करून वाफा तुडुंब भरायचा. त्यामुळं टाकी रिकामी व्हायची. त्यामुळं साबण लावलेले भाडेकरू बाथरूममधून हाका मारायचे. त्यामुळं सुमेधाकाकू चिडून खाली आल्या आणि त्यांनी ठरवलं की आपण होऊन काहीतरी नीट करायचं. खुरपं घेऊन त्या गवत काढायला बसल्या.

"ए बाई!" गोटीराम धावत आला. "गाजर हाय तो!"

"गवत आहे हो. बारीक पान बघा की."

"गाजराचा पान बारीकच असतो!"

"मग हे काय?" काकूंनी दुसरं रोप दाखवलं. त्याचंही पान बारीक होतं.

"तो गवत."

"दोन्ही एकच आहेत!"

वामनराव पुस्तक घेऊन खाली आले. पुस्तकातली चित्रं काळी-पांढरी होती. गाजराचं रोप, बडीशेपेचं रोप आणि 'निरुपयोगी तण' या तिन्ही चित्रांत झाडूसारखं काहीतरी होतं. त्यांनी पुस्तक आडवं धरलं, उभं धरलं, चष्मा काढला, परत लावला. मग म्हणाले, "संदिग्ध आहे."

"म्हंजे?"

"म्हणजे दोन्ही असू शकतं."

शेवटी वैतागून रूपेशनं दोन्ही रोपं तोंडात टाकली आणि चावली. सगळे त्याच्या तोंडाकडे बघत उभे.

"काय लागतो?"

"ह्याची चव गवतासारखी," तो म्हणाला, "आनि ह्याची पन."

"नक्की?"

"मी काय आदी गवत खाल्लाय?" तो भडकला.

काकूंचा धीर सुटला. त्यांनी एक ओळ उपटली, गोटीरामनं एक ओळ वाचवली. वाचवलेली ओळ पुढं कमरेएवढी वाढली, तिला तुरे आले आणि गल्लीतली बकरी रोज कुंपणाशी येऊन तिच्याकडे प्रेमानं बघायला लागली. गोटीराम तिला हाकलायचा. "माज्या गाजरांवर डोला हाय भवानीचा."

मेथी पाण्यात कुजली. पालक उगवला की नाही यावर दोन मतं राहिली. भिंतीकडेला, जिथं लावणी पोचली नव्हती आणि पाणीही जात नव्हतं, तिथं कोणी न बघता लाल पानं यायला लागली. त्यांच्याकडे कोणी न बघितल्यामुळंच ती बरी चालली होती.

मुळ्याची पानं मात्र माजली. एवढाली. गोटीराम संध्याकाळी खुर्ची टाकून बसायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचा. "वरती एवरा, तर खाली केवरा असल?" आणि मिशीला पीळ द्यायचा. वामनराव गॅलरीतून ते बघायचे आणि आत जायचे. त्यांच्या चेहऱ्यावर पैज जिंकणाऱ्या माणसाचा आनंद काही दिसत नव्हता. रूपेशला ते दिसलं, पण त्याचा अर्थ लागला नाही.

पाडव्याच्या आदल्या संध्याकाळी, बाप गुढीसाठी काठी आणायला गेला तेव्हा रूपेशनं एक चूड हळूच उपटली. वर हत्तीचे कान. खाली उंदराची शेपटी. दुसरी उपटली. तिच्यातला मुळा दोन पाय पसरून, बोटाएवढा, फतकल मारून बसलेला. आणि त्याला मुळं फुटलेली, बारीक-बारीक, केसांसारखी, दोन्ही बाजूंनी. रूपेश बघतच राहिला. मुळ्याला मिशी आली होती. आपली जाणार हे त्याला तेव्हाच कळलं.

पाडव्याच्या पहाटे स्कूटर ढकलत तो गल्लीच्या बाहेर आला आणि तिथं किक मारली. वाशीहून तो मुळ्याची एक दणदणीत जुडी घेऊन परतला तेव्हा दिसायला लागलं होतं. गल्लीच्या तोंडाशीच वामनराव भेटले. पायात कॅनव्हासचे बूट, बुटांना चिखल, काखेत रिकामी कापडी पिशवी.

"काय रे, एवढ्या सकाळी?"

"जॉगिंग," रूपेश म्हणाला.

"स्कूटरवर?"

"जाताना धावलो. तुमी?"

"मी पण," वामनराव म्हणाले. "वॉक." आणि पिशवी घडी करून खिशात कोंबायला लागले. पिशवी मोठी होती, खिसा लहान. रूपेशला हे विचित्र वाटलं, पण जुडी शर्टात लपवलेला माणूस दुसऱ्याच्या पिशवीबद्दल काय विचारणार?

बागेत आणखी एक कोडं. नळाजवळची माती आधीच उकरलेली होती. घूस असेल, असं म्हणून तो दुसऱ्या कोपऱ्यात गेला. जुडी सुतळीनं करकचून बांधलेली. ओली गाठ, सुटेना. सुरी घरात. तेवढ्यात घरातून बापाचा खोकला. पहिला खोकला म्हणजे जागा झाला, दुसरा म्हणजे उठला, तिसरा म्हणजे दारात. दुसरा ऐकू आल्याबरोबर रूपेशनं अख्खी जुडी तशीच खड्ड्यात दाबली, पानं वर काढली, माती सारखी केली आणि मागच्या दारानं आत घुसला. मागच्या दाराशी आई हात धुत होती. नखांत माती.

"काय केला आये?"

"काय करू? गुडीचा तांब्या घासला."

मातीनं? पण विचारायला वेळ कुणाला होता.

गुढी उभी राहिली. कडुनिंब, साखरेची माळ, वर उपडा तांब्या. हात जोडून झाले आणि सगळी बिल्डिंग मागं जमली. गावातले पण आले. उन्नती पण आली, नवा ड्रेस घालून, अगदी पुढं. दोन घरं पलीकडचा सलूनवाला हौसेराव दारात उभा राहून वस्तरा पुसत होता. त्याला कोणी बोलावलं नव्हतं, पण बातमी त्याच्यापर्यंत गेली होती.

गोटीराम धुवट लुंगीत, कपाळाला गुलाल. त्यानं जमिनीला हात लावला, तो हात कपाळाला लावला आणि समोरची चूड धरून हिसका दिला.

एक मुळा नाही. अख्खी जुडी. पाच मुळे, पांढरेशुभ्र, मनगटाएवढे, सुतळीनं बांधलेले.

मागचे लोक टाचा उंचावून बघायला लागले.

"हे... बांधलेले कसे?" मागून कोणीतरी विचारलं.

रूपेशनं मागच्या दाराकडं बघितलं. पण गोटीरामनं जुडीकडं बघितलं, लोकांकडं बघितलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर असं काही तेज आलं की विचारणाऱ्याचीच चूक वाटावी.

"चुडीन लावला तर चुडीनच येनार!" तो म्हणाला. "येगला-येगला लावला असता तर येगला आयला असता!"

लोकांनी माना हलवल्या. पटण्यासारखं होतं.

"आणि सुतळी?" सुमेधाकाकूंनी विचारलं. वामनरावांनी त्यांना कोपर मारलं.

"रोपान असल आदीची," गोटीराम म्हणाला आणि पुढं सरकला. नळाजवळ हात घातला. तिथून निघाला एकच मुळा, पण केवढा! मनगटाएवढा नव्हे, दंडाएवढा. धुतलेला. पानांना मार्केटातल्या बर्फासारखा गारवा. रूपेश चक्रावला. हा मी लावला नाही. मग कोणी? घूस मुळे लावते?

मग गोटीरामनं वाचवलेल्या ओळीत हात घातला आणि गाजरं बाहेर यायला लागली. लालभडक. गंमत म्हणजे त्यांना पानंच नव्हती. वरची देठं कापलेली. पानांशिवाय जमिनीत गाजर वाढलं कसं, हे वामनरावांच्या पुस्तकातही नसावं. आणि त्यांच्या मागोमाग, गोल गोल, चार बटाटे.

"बटाटा?" वामनराव नकळत बोलून गेले. "बटाट्याचं बी तर मी..."

रूपेशनं आईकडं बघितलं. पुतळा गुढीकडं बघत होती, एकटक, अशी भक्ती तिनं आयुष्यात दाखवली नव्हती.

गोटीराम बटाटा हातात धरून उभा राहिला. आता कळणार, रूपेशला वाटलं. इतका काही माठ नाही आपला बाप. आता बटाटा फेकणार आणि एकेकाला धरणार. पण गोटीराम खाली बसला. बटाट्यावरची माती अंगठ्यानं पुसली.

"बग रं रूपेस," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज एकदम बसल्यासारखा झाला. "पेरला नाय तो पन दिला. इतकी वरसां बिल्डिंग बांधून ठेवली तिचे डोक्यावर, तरी जमीन इसरली नाय मना."

रूपेशचं तोंड उघडं होतं. त्यानं ते मिटलं. त्याच्या आजूबाजूला आणखी दोन तोंडं मिटलेली त्याला दिसली. एक आईचं, एक वामनरावांचं.

"चला वामनराव!" गोटीराम परत गोटीराम झाला. नळाजवळचा तो दंडाएवढा मुळा त्यानं पानांसकट पुढं केला. "पैज म्हंजे पैज!"

वामनराव मुळा खायला लागले. बिल्डिंग घास मोजल्यासारखी बघत होती. अर्ध्यावर त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, पानांवर आले तेव्हा नाकातून. रूपेश पाण्याचा तांब्या घेऊन जवळ गेला.

"मीच आणला होता रे," वामनराव घास गिळत पुटपुटले. "सगळं मार्केट पालथं घातलं. मोठा बघून घेतला. बारीक घ्यायला हवा होता."

"पन तुमी कशाला? तुमी जिंकला असता ना!"

"जिंकून?" वामनरावांनी उचकी दिली. "घरमालकाची मिशी उतरवायची आणि त्याच्याच घरात राहायचं? काकूंनी महिनाभर झोपू नाही दिलं मला."

"खावा, खावा!" गोटीराम लांबून ओरडला. "देठ ठेवू नका!"

भिंतीकडेला पुतळा विळी घेऊन बसली होती. लाल पानं कापत होती.

"हा मातर खरा उगवलाय," ती म्हणाली. "माठ." आणि तिनं एकदा नवऱ्याकडं, एकदा वामनरावांकडं आणि एकदा पोराकडं बघितलं. "भरपूर उगवलाय."

हौसेराव वस्तरा मिटून हिरमुसला होऊन परत गेला. गर्दी पांगली. रूपेशनं हळूच ओठावर बोट फिरवलं. होती. जागेवर होती. त्यानं छाती पुढं काढली आणि वळला तर समोर उन्नती. आणि बघत होती तिथंच, ओठाच्या वर.

"वाचली," रूपेश म्हणाला.

"हा, बघितला," उन्नती म्हणाली. "मना वाटला, आज जाईल एकदाची."

"म्हंजे?"

"रोज बघतंय मी. मना वाटाचा, ह्याला चाय पिऊन तोंड पुसाची सवय नाय." ती जरा जवळ आली, डोळे बारीक करून बघितलं. "केस हायेत होय ते? हलदीला असाच येनार हायस काय?"

आणि ओढणी सावरत गेली.

रूपेश उभ्या जागी तापला. कोणावर तेच कळेना. बापावर, मुळ्यावर, स्वतःवर, खोबरेल तेलावर. मागून गोटीरामचा आवाज आला. सुक्या झावळ्यांचा ढीग ओढत तो बागेच्या मधोमध आला होता आणि खिशात काडेपेटी शोधत होता.

"रूपेस! आथा कांद्याचा राब भाजाचा. पाईप आन!"

पहिल्या मजल्यावर सुमेधाकाकू टीव्हीची वायर काढायला लागल्या.

"आये," रूपेशनं विचारलं, "पाडव्याला हौसेरावचा सलून कवापर्यंत उगडा असतो?"

"दुपारपर्यंत. का रं?"

"रूपेस! ए माठ! पाईप बोलतंय मी!"

"बाबा, तुमीच धरा पाईप," रूपेश चपला पायात सरकवत म्हणाला. "मना निघाला पायजे आथा."